उगवतीच्या कडेचं शेवाळ

आबा, आज तुमच्या पणतीनं तळ्यावर न सांगता लोकर टाकली. हे तुम्हाला सांगायचं म्हणून बसले आहे, नाहीतर मला या वयात कशाचं लिहिणं. नऊ वर्षांची आहे पोर. अंगानं काडी आणि तोंड असं की चार बायका गप्प बसतील. आमच्याकडं आता मेंढरं म्हणावीत अशी उरली नाहीत, दोन मेंढ्या आणि तीन शेरडं, तेवढी ती शाळा सुटल्यावर तळ्यावर नेते. आज मीही पाय मोकळे करायला मागून गेले. पाळीवर टेकले आणि बघते तर ही पाण्याशी पोचली, जनावरं काठीनं मागं धरली, अंगावर घेतलेल्या माझ्या जुन्या घोंगडीच्या कडेची चिमूटभर लोकर उपटली आणि पाण्यावर सोडली. एक हात कमरेवर. मान जराशी वाकडी. अगदी तुम्ही उभे राहायचे तशी, आणि तिनं तर तुम्हाला बघितलेलंसुद्धा नाही. लोकर हळूहळू उगवतीकडं सरकली तशी तिनं मेंढ्या वळवल्या आणि सगळं तळं वळसा घालून मावळतीच्या कडेला नेऊन पाजल्या. मी एकटीच मोठ्यानं हसले. वाटेनं कुंभाराची सून चालली होती, ती थांबून विचारायला लागली की आजीला काय झालं. काय सांगू तिला. घरी आल्यावर पोरीला गुळाचा खडा दिला, सुनेनं बघितलं नाही तसा अजून एक दिला. पहिला खडा खाता खाता तिनं मला एक गोष्ट विचारली. ती शेवटी सांगते. आधी सांगितली तर पत्र तिथंच संपेल, आणि मला तर तुमच्याशी लई दिवसांनी बोलायचं आहे.

अक्षर वाकडं आहे ते समजून घ्या. तुम्ही मला देवळात पंतोजीकडं बसवलं होतं, आठवतं का, दोन महिने. तेव्हा निजामाचं राज्य, शाळा म्हणजे चौसाळ्याची, तिथं उर्दू, आणि तिथंही पाटलाची नाहीतर देशमुखाची पोरं. धनगराच्या पोरीला अक्षर कशाला म्हणून आईनं कपाळाला हात लावला होता. पण तुम्ही बसवलं. मग मेंढरांमागं माणूस कमी पडलं आणि मी उठले ती उठलेच. बाराखडी अर्धी राहिली ती आता नातीनं पुरी करून घेतली. ती मारते बरं का मला, चुकलं की बोटावर पेन्सिल मारते. मी पाटी मागितली होती तेव्हा तुमच्याकडं पाटी नव्हती. तुम्ही काय केलं, तर तळ्याच्या खारवट चोपण जमिनीवर वाळलेल्या शेवाळाचा एक पापुद्रा अलगद सोडवून आणला. हातभर लांब, उन्हानं पांढरा पडलेला, वरून गुळगुळीत आणि खालून हिरवट. म्हणालात, "घे, हा तुजा कागद." बाभळीच्या काट्यानं मी त्यावर ग काढला, गाईचा. तो कागद वाकवला की मोडायचा आणि त्याला माशांसारखा वास यायचा. चार दिवसांत त्याचा भुगा झाला. माझ्या जन्मातला पहिला कागद तो. दुसरा हा.

आपल्या गावचं, माझ्या माहेरचं ते तळं अजून डोळ्यांपुढं आहे. मावळतीच्या अंगाला दगडी पाळ, तिच्यावर लिंब, तिथं पाणी खोल. उगवतीच्या अंगाला उथळ, मग लव्हाळा, मग ती चोपण जमीन जिथं काही उगवत नव्हतं, नुसतं पांढरं फुटायचं, जिभेला लावलं तर खारट. मेंढरं ती माती चाटायची. पाऊस उलटून थंडी गेली की पाण्यात शेवाळ धरायला लागायचं. आधी दगडांना केसांसारखं, हिरवं, लांब, हातात धरलं की निसटणारं. ते वाईट नाही, तुम्ही सांगायचे, ते पाण्याचे केस आहेत. ऊन वाढलं की ते केस बुडबुडे धरून वर यायचे आणि तव्यावर भाकरी फुगावी तसे फुगून तरंगायचे. मग वारा त्याला ढकलत ढकलत उगवतीला न्यायचा. रोज थोडं, रोज थोडं. लव्हाळ्यात अडकायचं, त्याच्यावर दुसरं चढायचं, पाणी आटत मागं सरायचं आणि ते थरावर थर चोपणावर पडून राहायचे. खालचा कुजायचा, वरचा वाळायचा. त्यावरून चाललं की पायाखाली घोंगडी असल्यासारखं मऊ लागायचं, आणि मधेच पाय घोट्यापर्यंत काळ्या रबडीत जायचा. मला ते लई आवडायचं. तुम्हाला नाही आवडायचं. कारण वैशाखात, पाणी कमी आणि ऊन कडक झालं की त्याच कडेला दुसरंच एक शेवाळ यायचं. त्याला केस नाहीत, धागा नाही. कुणीतरी पालेभाजीचा रस वाटून पाण्यावर ओतावा तसं, तेलासारखं पसरलेलं. काठाच्या दगडावर ते वाळलं की मोराच्या मानेसारखी निळी रेघ उठायची. दिसायला इतकं सुंदर की मी त्याचं गंध लावलं असतं कपाळाला.

सात वर्षांची असताना मी कोकरं तिकडं नेली होती. तुम्ही लांबून धावत आला. मारलं नाही. माझा हात धरून बोट त्या हिरव्यात बुडवलं आणि माझ्याच नाकाशी धरलं. सडलेल्या मुळ्याचा वास. मग म्हणालात, "वास ध्यानात ठेव. आन वारा कवा बी पाठीवर घ्यायचा. पाण्याकडं तोंड, वारा पाठीवर. मग मेंढरू पाण्याला लावायचं." मी विचारलं, वारा नसला तर. तुम्ही घोंगडीची लोकर उपटून पाण्यावर टाकली. आपल्याला कळत नाही तेव्हाही पाण्याला वारा कळतो, लोकर जाईल तिकडची कड सोडायची. एवढंच. त्या दिवशी रडू आलं होतं मला, वासानं नाही, तुमचा चेहरा बघून. तुम्ही घाबरलेले मी पहिल्यांदा बघितले.

गावात तुमचा मान त्याच गोष्टीचा होता. जमीन नव्हती, मोठं घर नव्हतं, पण वैशाख लागला की बैलवाले, म्हशीवाले आधी तुम्हाला विचारायचे, आबा, आज कोणती कड. निजामाचा महसूल तपासणारा गिरदावर घोड्यावरून आला होता ती गोष्ट तर आई लई वेळा सांगायची. साहेबाचा शिपाई घोडा सरळ लव्हाळ्याकडं घेऊन निघाला आणि तुम्ही उघड्या डोक्यानं पुढं आडवे झालात. शिपाई ओरडला. तुम्ही हात जोडून म्हणालात की सरकार, पाणी हितं आजारी हाय. गिरदावर दाढीत हसला म्हणे, पण घोडा वळवला. दुसऱ्या दिवशी त्याच कडेला एक कुत्रं मरून पडलेलं सापडलं. गिरदावर पाटोद्याला परत जाताना मुद्दाम आपल्या मेंढरांच्या वाडग्याशी थांबला आणि म्हणाला, "बुढे, तेरेकू पानी की जबान आती." म्हातारे काही तुम्ही तेव्हा नव्हते. आई हे सांगताना गिरदावरासारखा आवाज काढायची आणि तुम्ही खाली मान घालून दोरी वळत बसायचे, पण कान लाल व्हायचे तुमचे. मला दिसायचे.

आता तो दिवस. माझी सोयरीक ठरून, सुपारी फुटून पंधरा दिवस झाले होते. मी बारा वर्षांची असेन. तुम्ही पाटोद्याच्या बाजाराला गेलता, लोकर घेऊन. आई म्हणाली, आज सासरची माणसं नारायणगडावरून परत येतील, दुपारी आपल्याकडं टेकतील, त्यांच्या नजरेला पडू नको. लग्नाआधी सासऱ्याच्या नजरेला पडलेली पोर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, आपल्यात तेव्हा हे किती कडक होतं. मी तुमची घोंगडी डोक्यावरून घेतली, पार कपाळापर्यंत, आणि मेंढरं घेऊन लांबच्या माळाला गेले. उन्हं डोक्यावर आली. मेंढरांना पाण्याचा वास लागला आणि ती आपली आपणच तळ्याकडं निघाली. मी पुढं जाऊन बघते तर मावळतीच्या कडेला, लिंबाखाली, तीन माणसं. लाल फेट्याचा मी ओळखला. सासरे. हातपाय धुऊन बसले होते. मला वाटलं, पाणी पिऊन उठतील. मी बाभळीच्या आड बसले. त्यांनी तर फडकं सोडलं आणि भाकरी काढली. एक जण आडवा झाला.

आबा, मी वाट बघितली. कोणाला खरं वाटणार नाही, पण लई वेळ बघितली. मेंढरं एकमेकांच्या अंगावर चढायला लागली, ती बांडी मेंढी तर मला ढकलून पुढं जायला बघत होती. कोकरांच्या जिभा बाहेर. त्या माणसांपुढून जायचं तर आईचं ऐकलं नाही असं होतं आणि सोयरीक मोडली तर गावभर तोंड काळं. दुसरी कड उगवतीची. लव्हाळा पुरुषभर उंच होता, त्याच्या आड मी दिसणार नव्हते. मी मेंढरं तिकडं वळवली. पाणी असं हिरवं होतं की त्यात आभाळ दिसत नव्हतं. मी काठीनं ते शेवाळ बाजूला सारलं. खाली पाणी काळंभोर, स्वच्छ दिसलं. मी मनात म्हटलं, पुढची पितील तोवर मी सारत राहते. सारलं की क्षणभर जागा व्हायची आणि लगेच सगळीकडून ते परत यायचं, जखमेवर खपली धरावी तसं. मेंढरं कुठं थांबतात. ती रांगेनं वाकली आणि पीत राहिली. त्यांच्या तोंडाला हिरव्या मिशा आल्या होत्या. एरवी मी हसले असते.

वाडग्याशी पोचेपर्यंत पहिलं पडलं. ती कानफाटी मेंढी होती. तिचे पुढचे पाय लटपटले, गुडघ्यावर आली, मान मागं वळवली आणि परत उठलीच नाही. मग एक एक. आई बाहेर येऊन ओरडायला लागली. तेवढ्यात पाटोद्याच्या वाटेनं तुम्ही आला, खांद्यावर रिकामं पोतं. पोतं टाकलं आणि सरळ मेंढराच्या तोंडाला हात लावला, बोट नाकाशी नेलं. मग तुम्ही माझ्याकडं बघितलं. मी तुमची घोंगडी हातात धरून उभी होते. तुम्ही काही बोलायच्या आत मागून सासरे आणि ती दोन माणसं आली, आरडाओरडा ऐकून. आईनं मला छपराच्या आत ओढलं. आतून मी ऐकत होते, कुडाला कान लावून.

सासऱ्यांनी विचारलं, "मेंढरं पलीकडच्या अंगाला दिसलती आमाला, लव्हाळ्यात. कोन व्हतं संगं?"

तुम्ही लगेच बोललात. विचार करायलाही थांबला नाहीत. "म्या व्हतो. म्याच पाजलं. नजर चुकली माजी."

त्यातला एक जण म्हणाला, हां, घोंगडीवालाच दिसला होता. सासरे खाकरले. मग म्हणाले, "तुमी तर पाण्यातलं कळनारं मानूस म्हनून ऐकलं व्हतं." तुम्ही म्हणालात, ऐकलं व्हतं ते खोटं व्हतं.

तुम्ही ते कशासाठी केलं ते मला तेव्हाच कळलं, मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. सुपारी फुटून पंधरा दिवस आणि पोरीच्या हातून बापाची मेंढरं मेली, असं कळलं असतं तर पांढऱ्या पायाची म्हणून मला कोणी दारात उभं केलं नसतं. ना त्यांनी, ना दुसऱ्या कोणी. बापाची नजर चुकली तर बापाचं नाव जातं. पोरीचा पाय वाईट ठरला तर पोरच जाते. तुम्ही एका क्षणात हे दोन्ही तोलून बघितलं आणि आपलं टाकून दिलं. संध्याकाळपर्यंत सतरा मेली. गावातली काही माणसं मटण मागायला आली, त्यांना तुम्ही हात लावू दिला नाही, एकट्यानं चोपणात खड्डा केला. मी पाणी घेऊन आले तेव्हा तुम्ही खड्ड्यात कमरेइतके होता. तांब्या घेतला नाही. खालून वर बघून एवढंच विचारलं.

"वारा बघितलता का, बाई?"

मी म्हणाले, "न्हाई."

तुम्ही मान हलवली. जणू तुम्हाला तेच वाटत होतं. "पोर हायेस," म्हणालात आणि परत फावडं घेतलं. ना एक शिवी, ना एक चापट. बोटाचा वास घ्यायला लावला होता तेव्हाइतकाही राग केला नाहीत. मी आजपर्यंत त्या रागाची वाट बघते आहे.

मग माझं लग्न झालं, धूमधडाक्यात नाही पण झालं. मी गेले. मागं काय झालं ते आई येऊन सांगायची. पुढच्या वैशाखात परत ते तेलकट शेवाळ आलं, पहिल्यापेक्षा जास्त. तुम्ही उगवतीच्या कडेला दोन्ही हात पसरून उभे राहिलात आणि जनावरं अडवायला लागलात. काल-परवाची पोरं, ज्यांच्या बापांनी तुम्हाला विचारल्याशिवाय बैल पाण्यात घातला नाही, त्यातलाच एक म्हणाला, "सरक बे म्हाताऱ्या. सोताची मेंढरं मारली तवा कुटं गेलती तुजी पाण्याची भाषा?" सगळे हसले. गुरं तुम्हाला वळसा घालून गेली. तीन गायी मेल्या त्या दिवशी. मग लोक काय म्हणाले, तर म्हाताऱ्याच्याच वाईट तोंडानं मेल्या. त्यानंतर तुम्ही तळ्यावर दिवसा जाणं सोडलं. उरलेली मेंढरं पहाटे उजाडायच्या आत पाजून आणायचे. आई हे सांगायची आणि मी चुलीत फुंकर घालत बसायचे, म्हणजे डोळ्यांतलं पाणी धुराचं वाटावं.

एक गोष्ट मी आईलाही सांगितली नव्हती. माझा नवरा वाईट माणूस नव्हता. मला कधी उपाशी ठेवलं नाही, हात उगारला नाही. थट्टेखोर होता, एवढंच. मी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला की पाव्हण्यांसमोर म्हणायचा, "बगा बरं का, पाण्याच्या पारख्याच्या लेकीनं पाजलंय. सांजपतोर जगतो का बगू." पाव्हणे हसायचे, सासूबाई हसायच्या, सासरेसुद्धा मिशीतल्या मिशीत. आणि मी पदर तोंडाशी धरून हसायचे. पहिल्यांदा मान खाली घातली होती. दुसऱ्यांदा हसले. मग सवय झाली. घरात सामावून जायचं तर हसावं लागतं, असं मला वाटायचं. ती थट्टा आमच्या घरात इतकी मुरली की नवरा गेला तरी थट्टा राहिली. आता माझा लेक म्हणतो, तुमचा नातू. त्याच्या पोरीनं ती ऐकून ऐकून पाठ केली आहे.

तुमचा शेवट मला आठवतो तो असा की तुम्ही छपरात घोंगडीवर पडलेले आहात, उन्हाचा एक पट्टा तुमच्या पायावर पडलेला आहे आणि तुम्ही तो सरकवायला बघता आहात, जणू कोकरू आहे. मी पाणी आणते. तुम्ही तांब्यात वाकून बघता, बराच वेळ, मग पिता. मग म्हणता, "तुला म्या नीट शिकवलं न्हाई बग. घाईत सांगितलं. लहान लेकराला दहा डाव सांगावं लागतं." मी म्हणाले, आबा, गप पडा. त्या वेळी सांगता आलं असतं. घरात आपण दोघंच होतो. आई शेळीला पाला आणायला गेलती. मी तुमचे पाय दाबत बसले आणि तो उन्हाचा पट्टा पायावरून उतरून जमिनीवर गेला.

म्हणून आता लिहिते. तुम्ही मला नीट शिकवलं होतं. त्या दिवशी मी लोकर टाकली होती. घोंगडीच्या कडेची, चिमूटभर, आज पोरीनं टाकली तशीच. ती उगवतीकडं सरकली ते मी बघितलं. वाससुद्धा आला होता, तोच, बोटाचा. मला सगळं ठाऊक होतं. मी तुम्हाला नाही म्हणाले कारण तुमच्या तोंडावर मला दोन गोष्टी दिसत होत्या, पोर विसरली नाहीतर पोरीनं जाणूनबुजून केलं, आणि पोर विसरली ही त्यातली तुम्हाला कमी दुखेल असं मला वाटलं. मला वाटलं होतं, तुमचं ओझं हलकं करते आहे. पण तुम्ही ते ओझं उलट घेतलंत. शिकवणारा चुकला असं मनात धरून गेलात. तुमची पारख गावापुढं खोटी पडली ती तुम्ही पाडली म्हणून. पण तुमचं शिकवणं तुमच्या स्वतःपुढं खोटं पडलं ते माझ्यामुळं.

आता पोरीनं काय विचारलं ते. गूळ चघळत, पाय हलवत, ती म्हणाली, "आजे, ही लोकर टाकायची तुला कुनी शिकवली?" इतक्या वर्षांत मी तिला शिकवताना कधी नाव घेतलं नव्हतं, आपल्यात असंच करतात एवढंच म्हणायचे. पण आज मी खुशीत होते ना, तोंडातून निघून गेलं. म्हणाले, माझ्या बापानं. तिनं पाय हलवायचे थांबवले. "म्हंजी तेच का, ज्यांनी आपलीच मेंढरं मारली?"

सून भाकरी थापत होती. लेक दारात बैलाची दावण बघत होता, त्यानं तिथनंच हसून म्हटलं, हां, तेच ते, पाण्याचे पारखी. पोर माझ्याकडं बघत होती, मी सांगेन म्हणून. आणि मी काय म्हणाले, आबा. इतक्या वर्षांनी, कोणाची भीती उरली नाही, सासरा नाही, नवरा नाही, माझे पाय पांढरे म्हणायला कोणी जिवंत नाही, तरी मी म्हणाले, "हां, तेच." आणि उठून अजून गूळ काढायला गेले. मगाशी लिहिलं ना सुनेच्या नकळत अजून एक खडा दिला, तो हा.

हे कुठं पाठवायचं ते काही मला ठाऊक नाही. एकदा मनात आलं की घडी करून तळ्यात सोडावं, पण आमच्या तळ्यावरही आज वारा मावळतीचाच आहे, कागद जाऊन उगवतीच्या कडेला शेवाळात अडकेल आणि थरात जाऊन बसेल. तिथं नको. धान्याच्या कणगीमागं ठेवते. कागद पोरीच्या वहीतून फाडला आहे, न विचारता, मधली आठ-दहा पानं. ती हिशोबाला पक्की आहे, उद्या शाळेत वही उघडली की तिला कळणारच. घरी येऊन ती विचारेल, आजे, माझी पानं कशाला फाडलीस, काय लिहिलंस त्यावर. तिला वाचता येतं. मी काय सांगणार ते अजून ठरलेलं नाही.